साडेआठची फिन

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कोणी विचारलं तर मी बावतीसकाकांचं नाव सांगतो. माणिकपूरच्या ज्या एसटीडी बूथवर मी कामाला होतो, तिथं ते दर रविवारी यायचे. चपला दाराबाहेर काढायचे, वाकून आत यायचे, आणि कसं काय, बरं आहे का, यातलं काहीही न विचारता माझ्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडे हनुवटी उचलायचे.

"आज कोनती तिथी?"

मी वळून वाचायचो. "षष्ठी."

"सहा." ते बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवायचे. "साडेचारला पानी भरनार. पन बेताचं." मग हातातली कापडी पिशवी काउंटरवर ठेवायचे आणि एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्यावा इतक्या गंभीरपणे विचारायचे, "मग आठची लावू का नऊची?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी "नऊची" म्हणालो. पिशवीत नळाचं काही सामान असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "का? नऊचीच का? कारन सांग."  मग त्यांनी पिशवी उघडली आणि मला कारण समजावून द्यायला सुरुवात केली. ते समजावणं पुढे काही वर्षं चाललं.

तुम्हालाही थोडं समजावून द्यावं लागेल. काका राजोडीकडच्या समुद्राकाठच्या गावातले. उभं आयुष्य मालवाहू बोटींवर फिटर म्हणून गेलं. ऑस्ट्रेलियाच्या कुठल्याशा बंदरात त्यांनी एक जुनी फळी विकत घेतली, लाटेवर उभं राहून सरकत किनाऱ्याला यायची ती. माणसाच्या दीडपट लांब, पिवळी पडलेली, एका बाजूला ठिगळ. बोटीवरच्या लोकांनी हसून घेतलं. काकांनी ती पार मुंबईपर्यंत आणली आणि भावाच्या केळीच्या वाडीत, पडवीला दोऱ्या बांधून आडवी टांगून ठेवली. त्या काळात आपल्या किनाऱ्यावर असली दुसरी फळी मी तरी पाहिली नाही.

फळीच्या पोटाला, शेपटाच्या बाजूला एक खाच असते. त्या खाचेत माशाच्या पंखासारखा एक तुकडा स्क्रूनं बसवायचा. ती फिन. ती नसेल तर फळी साबणाच्या वडीसारखी कुठंही घसरते. काकांकडे फिन होत्या सात इंची, आठ इंची, नऊ आणि दहा. शिवाय मधल्या खाचेच्या दोन्ही अंगांना बसणारी अंगठ्याएवढ्या फिनची एक जोडी. मधल्या फिनला ते नवरी म्हणायचे आणि या दोघींना करवल्या.

"उधान असलं, पानी जोरात असलं, तर नवरी लहान आनि करवल्या दोन्ही. फळी धरून ठेवतात. पानी मंद असलं तर नवरी एकटी, मोठी. सरळ जानार, डुलनार नाय. पन आपला किनारा उथळ. मोठी लावली आनि वाळूत रुतली तर तू हवेत." ते दुसरी फिन उचलायचे. "आनि खाचेत पुढं बसवली तर फळी वळायला हलकी. मागं बसवली तर जड. आता सांग."

मी काय सांगणार? मी देशावरच्या एका तालुक्याच्या गावात शिकलेला. बारावीनंतर वडिलांकडे तुळिंजच्या खोलीत राहायला आलो. वडील सातिवलीला एका लेथच्या कारखान्यात होते. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आणि मला समुद्र म्हटलं की भूगोलाचं पुस्तक आठवायचं.

काका मात्र पहिल्याच महिन्यात मला "ग्रॅज्युएट" म्हणायला लागले. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि इंग्रजीत गटांगळ्या खात होतो.

"काका, अजून झालो नाही मी."

"होशील ना. तेव्हा नवीन नाव कुठं शोधत बसू?"

त्यांच्याकडे फिनचं एक जाड इंग्रजी माहितीपत्रक होतं. त्यांना ते पाठ होतं. तरी काका ते माझ्यासमोर उघडून ठेवायचे आणि "वाच, मोठ्यानं" म्हणायचे. बूथवर गिऱ्हाईक नसलं की मी वाचायचो. अडलो की ते शब्द सांगत नसत, पिशवीतून फिन काढून दाखवत. मी इंग्रजी शिकलो ते असं, हातात फिन धरून. पुढं नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी सांगितलं, तुम्हाला जे येतं त्याबद्दल इंग्रजीत बोला. मला दुसरं काही येतच नव्हतं. मी लांब फळीला मोठी फिन का लावतात, ते सांगितलं. साहेब पुढं झुकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पण तुम्ही स्वतः कोणती वापरता?" मी म्हटलं, मला पोहता येत नाही. ते हसले, आणि नोकरी मला मिळाली. मी काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "पोहायला शिक," एवढंच म्हणाले.

नोकरी लागली तरी रविवारचा बूथ मी सोडला नाही. मालकांना रविवारी माणूस मिळत नव्हता असं मी घरी सांगायचो.

काका बूथवर तिथी विचारायला येत नसत, हे सांगायचं राहिलं. ते लीनाला फोन करायला येत. लीना त्यांची एकुलती मुलगी, कॅनडात नर्स. समुद्रापासून फार आत, गव्हाच्या शेतांमधल्या एका शहरात. रविवारी आपल्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे तिची सकाळ, ड्यूटीवर जायच्या आधीची. तेवढाच तिचा वेळ. तिची आई वारली तेव्हा काका आफ्रिकेच्या पलीकडे बोटीवर होते. ते पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, आणि ते सगळं लीनानं उरकलं होतं. तेव्हा ती कॉलेजात होती.

काचेच्या केबिनमधून एका बाजूचं बोलणं मला ऐकू यायचं. हवामान, भावाची वाडी, केळीला लागलेली कीड. आणि मग काकांचं ठरलेलं वाक्य. "हो गो. बघतो. पाऊस संपला का ठरवतो." लीना त्यांना कायमचं बोलावत होती. माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये एकटं राहू नका म्हणत होती. पाऊस संपायचा आणि काका म्हणायचे, नाताळ झाला का ठरवतो. नाताळ व्हायचा, पुन्हा पाऊस यायचा. बाहेर आले की ते कपाळ पुसायचे आणि पिशवीतल्या फिन उगाच पुन्हा लावून ठेवायचे, लहान खाली, मोठी वर.

त्यांना ठरवता येत नसे, ही गोष्ट आम्हा सर्वांना फार विनोदी वाटायची.

आठ आणि नऊ यांच्यात दोन वर्षं अडकल्यावर त्यांनी साडेआठची बनवून घ्यायचं ठरवलं. माझ्या वडिलांच्या कारखान्याला लागून फायबरच्या पाण्याच्या टाक्या करणारं एक गोदाम होतं. वडिलांनी तिथल्या कारागिराला गळ घातली. फिन तयार झाली, पण जरा जाड आणि हिरवी, टाकीच्याच रंगाची. पाण्यात ती गुणगुणायची. खरंच, फळीनं वेग घेतला की खालून भुंग्यासारखा आवाज यायचा. मागची कड पुरेशी पातळ घासलेली नव्हती म्हणून. काकांना ते कळत होतं, पण त्यांनी ती घासली नाही. "बोलते रे ती," म्हणायचे. तोटा एवढाच झाला की आता आठ, साडेआठ आणि नऊ अशा तिघींमधून निवडायची वेळ आली.

स्क्रू आणि त्याखालची चौकोनी पत्री वाळूत हरवायची, ते वेगळंच. एकदा मी त्यांच्याबरोबर राजोडीला गेलो होतो. भरतीला चांगला तासभर अवकाश होता. काकांनी नऊची काढून सातची आणि करवल्या लावायला घेतल्या आणि पत्री बोटातून निसटली. मग मी, काका, त्यांचा भाऊ आणि सुरूच्या झाडांखाली पत्ते खेळत बसलेली चार माणसं, असे सगळे गुडघ्यांवर बसून वाळू चाळत होतो. पत्री सापडली तेव्हा पाणी येऊन परत निघालं होतं. भाऊ म्हणाला, "बावतीस, तू फळीवर उभा राहिलास ते शेवटचं कवा?" काकांनी शांतपणे पत्री पुसली. "उभा राहनं सोपं हाय. लावनं कठीन." त्यानंतर माझे वडील त्यांना पितळेच्या पत्र्या करून द्यायला लागले, मूठभर.

आणि तरी, ज्या दिवशी त्यांचं जमायचं, त्या दिवशी तुम्ही त्यांना पाहायला हवं होतं. साठी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, डोक्याला रुमाल बांधलेला, कमरेएवढ्या मातकट लाटेवर सरळ उभा. हात कुठंही पसरलेले नाहीत. बसची वाट बघत उभं राहावं तसा. लाट वाळूत विरली की ते फळीवरून पायरी उतरल्यासारखे उतरायचे आणि लगेच म्हणायचे, "दहाची हवी होती."

दर रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दिसत नाही म्हणून फादरनी त्यांना हटकलं होतं. काका शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जाऊन मोकळे होत. फादर म्हणाले, "बावतीस, रविवार प्रभूचा आहे." काका म्हणाले, "फादर, प्रभू पन पान्यावरून चालले. मी तर फळी घेतो." हा किस्सा फादरनीच सगळीकडे सांगितला.

माझ्या आईचा मात्र वेगळाच समज झाला होता. रविवारी दुपारी ती माझा डबा घेऊन बूथवर यायची. काका तिच्यासमोर विचारायचे, "एकादशी कधी हाय, बघ रे." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणून एकादशीला भरती सकाळी सव्वाआठच्या सुमाराला लागते आणि तेव्हा वारा पडलेला असतो. रविवारी एकादशी आली की काकांना सण वाटायचा. आईला हे ठाऊक नव्हतं. ती घरी येऊन म्हणाली, "ख्रिश्चन माणूस, पण एकादशी चुकवत नाही. आणि तुम्ही बापलेक." त्यापुढच्या एकादशीपासून काकांसाठी साबुदाण्याची खिचडी यायला लागली. सकाळी समुद्रातून आलेले, भुकेनं कासावीस झालेले काका काउंटरवर उभ्याउभ्या डबा रिकामा करायचे. मी एकदा म्हटलं, "काका, आईला खरं सांगू का?" त्यांनी चमचा थांबवला. "काय खरं? खिचडी चांगली हाय, हे तिला सांग." पुढं आईला कुणीतरी सांगितलंच. ती म्हणाली, "जेवतात ना पण?" डबा बंद झाला नाही.

आता त्या रविवारचं सांगतो.

अष्टमी होती. अष्टमीला पाणी जेमतेम चढतं, अशा भरतीला भांग म्हणतात, आणि भरती लागते संध्याकाळी सहाला. सातला फोन. काका दुपारीच येऊन गेले. "आठचीच लावतो," म्हणाले. दारापर्यंत जाऊन परत आले. "का साडेआठची?" मी हसून म्हटलं, "काका, पाणी निघून जाईल." ते स्कूटरवर बसून गेले.

सात वाजले. सव्वासात झाले. मग बूथचाच फोन वाजला. लीना होती. तिनं कधी तिकडून फोन केला नव्हता.

"पपा आलेत का?"

"नाही अजून. येतीलच. समुद्रावर गेलेत."

 

"लहानपणी घरी मी विचारलं की मला हेच सांगायचे," ती म्हणाली. "पपा समुद्रावर आहेत." आणि मग, "काही नाही. महत्त्वाचं काही नव्हतं असं सांगा."

काका आठच्या पुढे आले. कपडे कोरडे होते. मी विचारलं, पाणी कसं होतं? तर म्हणाले, उतरलोच नाही. आधी आठची लावली, मग साडेआठची, मग पुन्हा आठची, मग ती काढून नऊची, आणि तोवर पाणी मागं सरकलं. ते हे हसत सांगत होते. मी निरोप सांगितला, तिचे शब्द होते तसेच. ते केबिनमध्ये गेले, नंबर फिरवला आणि रिंग वाजू दिली. पुन्हा फिरवला. बाहेर आले तेव्हा त्यांनी कपाळ पुसलं नाही.

महत्त्वाचं होतं. तिला दिवस गेले होते. काकांना ते भावाच्या बायकोकडून कळलं, बऱ्याच आठवड्यांनी, आणि भावजयीला ते लीनाबरोबर नर्स असलेल्या गावातल्या एका मुलीनं सांगितलं होतं.

त्यानंतर काका रविवारी सहालाच येऊन बसायचे. केबिनच्या दाराजवळच्या स्टुलावर. सातला नंबर फिरवायचे, पलीकडे वाजत राहायचं. ते ठेवायचे आणि पुन्हा स्टुलावर बसायचे. तिथी विचारणं थांबलं. फिनची पिशवी त्यांनी माझ्या काउंटरखाली ठेवून दिली होती, ती तिथंच राहिली. मी एकदा विषय काढायचा म्हणून म्हटलं, "काका, आज पौर्णिमा आहे. उधाण असेल." ते म्हणाले, "असेल." एवढंच. आई खिचडी पाठवायची, ते खायचे, डबा धुऊन द्यायचे.

पावसाळा गेला आणि नाताळही गेला. एका रविवारी सातला काका केबिनमध्ये शिरायच्या आधीच बूथचा फोन वाजला. मी उचलला. लीनाच होती. काका समोर उभे होते. मी त्यांच्याकडे रिसीव्हर धरला, तर ती म्हणाली, "आधी तुम्हीच ऐका, आणि त्यांना सांगा. मुलगा झालाय. यायचं असेल तर राहायला या म्हणावं, पाहुण्यासारखं नको. आणि इथं समुद्र नाही. ते आधीच सांगून ठेवा."

मी सांगितलं. तिन्ही गोष्टी, त्याच क्रमानं. काकांनी रिसीव्हर घेतला. मग म्हणाले, "लीना, बाळ झोपतं का गो रात्रीचं?" मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

ते बाहेर आले तेव्हा रस्त्यावर रिक्षांची गर्दी होती. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"तू सांग. जाऊ?"

"जा काका," मी म्हणालो.

"विचार तरी कर रे. फिन सांगायला तू याच्यापेक्षा जास्त वेळ लावतोस."

मी खरंच विचार केला नव्हता. मुलगी बोलावते, नातू झालाय, बापानं जावं, यात विचार करण्यासारखं काय होतं? मला जे उत्तर शोभून दिसत होतं ते मी दिलं. मी तेव्हा ग्रॅज्युएट होतो, सरकारमान्य, पदवी भिंतीवर लावलेला.

या वेळी त्यांनी पाऊस संपायची वाट पाहिली नाही. फ्लॅट विकला. फळी आणि पिशवी माझ्या नावावर करून दिली, तीही भावासमोर, जमीन द्यावी तशी. "पोहायला शिकलास का?" शिकत होतो, पालिकेच्या तलावावर, लहान मुलांच्या तुकडीत. ते म्हणाले, "बरं हाय. मग लाव आनि जा." निघायच्या दिवशी मी त्यांना सोडायला विमानतळावर गेलो नाही. भावाच्या गाडीत जागा नव्हती. वाडीच्या फाटकातच निरोप घेतला.

तिकडून ते मला ऑफिसात फोन करायचे, लीनाकडून नंबर लावून घेऊन. बर्फाबद्दल सांगायचे. नातवाला ढकलगाडीत घालून फिरवत होते, लीना ड्यूटीवर गेली की कालवण करत होते. "पोरगी बोलते आता माझ्याशी," एकदा म्हणाले. "परवा दोन तास बोललो. तिच्या आईबद्दल." मी विचारलं, तिथं पाणी काही आहे का? "तळं हाय मोठं. थंडीत घट्ट होतं. सगळे त्याच्यावरून चालतात रे. म्हातारे पन." मी हसलो. ते हसले नाहीत, किंवा मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "बरोबर केलं ना मी?"

माझ्या टेबलाशी कोणीतरी फाइल घेऊन उभं होतं. "हो काका, हो," मी म्हणालो, आणि थोडक्यात आवरलं.

त्या उत्तरानं मला चैन पडेना. मी त्यांना पत्र लिहिलं. मराठीतून लिहिलं, कारण त्यांच्याशी मी इंग्रजीतून फक्त फिनबद्दल बोलू शकत होतो. पत्र पोचलं तेव्हा काकांना जाऊन आठवडा होत आला होता. त्यांच्या दुसऱ्या हिवाळ्यात, झोपेतच. हे मला लीनाताईंनी फोन करून सांगितलं. पाकिटावर पपांचं नाव होतं म्हणून आधी उघडलं नाही, म्हणाल्या. मग उघडलं. त्या कॉन्व्हेंटच्या, मराठी अक्षर न् अक्षर जोडत वाचतात. "मनात वाचलं तर मला अर्थ लागत नाही. मोठ्यानं वाचलं. बाळ समोर बसून ऐकत होतं." काही ओळी त्यांनी दोनदा वाचल्या, असं म्हणाल्या. कोणत्या, ते मी विचारलं नाही.

पत्र आधी कच्चं लिहून मग पक्कं करायची सवय मला कॉलेजपासून आहे. कच्चा कागद माझ्याकडे राहिला. तो असा:

प्रिय बावतीसकाका, स. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही एक गोष्ट विचारलीत आणि मी घाईनं हो म्हणालो. त्याआधी बूथबाहेर विचारलं होतंत, तेव्हाही मी घाईच केली. म्हणून हे पत्र.

मागच्या रविवारी मी वाडीत गेलो होतो. फळी ठीक आहे, एका दोरीला उंदीर लागला होता ती बदलली. तुमच्या भावानं आणि मी ती पाण्यात नेली. फिन कोणती लावली ते लिहीत नाही, नाहीतर तुम्हाला झोप लागणार नाही. पाच-सहा वेळा पडलो. नाकातोंडात पाणी गेलं. मग एकदा उभा राहिलो. फार वेळ नाही. किनारा आपल्याकडे चालत येतोय असं वाटलं आणि आजूबाजूला काही आवाजच नव्हता. नंतर मी वाळूत बसून राहिलो. काका, तुम्ही माणिकपूरचा फ्लॅट सोडून गेलात असं मला इतके दिवस वाटत होतं. तुम्ही काय सोडून गेलात ते मला त्या दिवशी कळलं. मला हे आधी ठाऊक असतं तर "जा" हा शब्द इतक्या सहज माझ्या तोंडून निघाला नसता. याचं मला वाईट वाटतं.

पण वाळूत बसून मी तुमच्या प्रश्नाचाही विचार केला. माझे वडील फार बोलत नाहीत. कारखान्यातून येतात, हातपाय धुतात, भिंतीला टेकून बसतात. मला त्यांच्याकडून काय मिळालं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन की ते रोज येऊन बसायचे. लीनाताईंना ते तेव्हा मिळालं नाही. आता त्या ड्यूटीवरून घरी येतात आणि तुम्ही बसलेले असता. त्यांच्या मुलाला तर हे पहिल्यापासूनच आहे. तो मोठा झाल्यावर त्याला यात विशेष काही वाटणारही नाही, आणि ते फार चांगलं आहे.

तेव्हा माझं उत्तर तेच आहे. तुम्ही बरोबर केलंत. या वेळी विचार करून सांगतोय.

आई-बाबा तुमची आठवण काढतात. तुमचा हात हल्ली थरथरतो असं म्हणाला होतात. तर लिहायला स्वतः बसू नका, लीनाताईंना सांगा, त्या लिहितील. इंग्रजीत लिहिलं तरी मला वाचता येईल. उत्तराची मला घाई नाही.